शेवटचा तास मैदानावर

अहो सर,

शाळेत सर आणि घरी अहो, हे मी एकवीस वर्षं कटाक्षानं वेगळं ठेवलं. आज दोन्ही एकदम लिहिलं, कारण बसलेय आपल्या बूढ़ापाऱ्याच्या घरात आणि बोलायचंय ते सगळं गुढ़ियारीच्या शाळेचं आहे.

रविवारची दुपार आहे. समोर सोमवारचा कागद आहे. तोच तुमचा, प्रार्थनेनंतर माइकवर वाचायचा! वर 'उपलब्धियाँ', खाली 'आगामी कार्यक्रम'. तुम्ही गेल्यावर प्राचार्या मॅडमनी तो माझ्या गळ्यात घातला. "आप ही तो उनकी हिंदी सुधारती थीं," म्हणाल्या. जूनपासून मी तो इमानेइतबारे लिहितेय, कधी अडले नाही. आज वरचा अर्धा भाग झरझर झाला आणि खालच्या भागातल्या एका ओळीशी घोडं अडलं. दोन तास झाले. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

सहा महिन्यांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटोपुढे मेणबत्ती लावते, वंदना म्हणते आणि उठते. राग होता तसा. मे महिन्यात, नुकती सुट्टी लागलेली, आणि अर्धा चहा कपात टाकून कोणी जातं का हो? मी तर साखर आणायला आत गेले होते!

पण आज राग नाही. गुरुवारपासून मी थक्क होऊन बसलेय. पंचावन्न वर्षांच्या बाईनं इतकं थक्क होऊ नये, पण झालेय खरी. आणि हे ज्याला सांगावं तो माणूसच जाग्यावर नाही.

तुमचा हा कागद मला कधीच आवडला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पाच मिनिटांचं काम तुम्ही बारा मिनिटं चालवायचात आणि वरची सात मिनिटं माझ्या पहिल्या तासातून जायची. बरं, उपलब्धी तरी कसल्या! विज्ञान प्रदर्शनात नंबर आलेला मुलगा असायचाच. पण त्याच दमात सातवीतल्या कुणी स्टेजवर न रडता पहिल्यांदा कविता म्हटली, आठवीतल्या कुणाचा महिन्यात एकही खाडा नाही, हेसुद्धा तुम्ही तितक्याच मोठ्या आवाजात वाचायचात. मी म्हणायची, याला काय उपलब्धी म्हणतात? तर तुम्ही हसायचात. "अवो गणितवाल्या बाई, त्या पोट्टीले इचार न एकदा!"

मी कधी विचारलं नाही.

आणि तुमचं ते खो-खो! सातवा तास माझा, आठवा तुमचा. म्हणजे सातव्या तासाला अर्ध्या मुली मनानं मैदानावर. कोणाला चुना आणायला जायचंय, कोणाला खांब पुसायचेत, आणि प्रत्येकीला घंटेच्या दहा मिनिटं आधी सोडायचं, कारण "सर बुलाए हैं". मी फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवायची आणि वळले की मागची दोन बाकं रिकामी. घरी आल्यावर यावरून किती भांडलो आपण! तुम्ही भांडायचात कुठे म्हणा, तुम्ही पापड भाजायचात. शेवटी एकच वाक्य असायचं तुमचं. "एक दिवस येऊन तर पाय तू. तुले काय जाते वो?"

काय जात होतं मला? पेपर तपासायचे असायचे, झालं. एकवीस वर्षांत एक सामना पाहिला नाही मी तुमच्या मुलींचा.

आता जे सांगायचंय ते सांगते. टाळत होते.

फेब्रुवारीत मी प्राचार्या मॅडमना एक अर्ज दिला. पुढच्या वर्षी नववी-दहावीत असणाऱ्या, गणितात कच्च्या मुलींसाठी आठव्या तासाला जादा वर्ग मिळावा, असा. सोबत यादी जोडली. अकरा नावं होती, त्यातली सात तुमच्या संघातली. म्हणजे अर्ज मंजूर झाला असता तर तुमचं मैदान त्या दिवसापासून ओस. मला हे कळत नव्हतं असं नाही. आकडेमोड करूनच दिला होता. तुम्हाला सांगितलं मात्र नाही. त्या दिवशी आपण एकाच स्कूटरवरून परत आलो, तळ्यापाशी थांबून तुम्ही मला इथलं ते गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाऊ घातलंत, पुदिन्याचं पाणी वरून दोनदा मागून घेतलंत माझ्यासाठी, आणि मी पर्समध्ये अर्जाची प्रत घेऊन मिटक्या मारत खाल्लं. आता आठवलं की ते गिळलेलं घशाशी येतं.

तरी विचारते, चूक होती का माझी? दहावीला गणितात अडकलेल्या पोरीचं गुढ़ियारीत काय होतं, हे तुम्ही माझ्याइतकंच पाहिलं होतं. एक वर्ष घरी, मग मावशीच्या ओळखीतलं स्थळ, मग कडेवर पोर घेऊन शाळेच्या फाटकाशी "नमस्ते मैडम". खो-खोनं त्यातली एक तरी वाचली असती का? तेव्हा माझं उत्तर ठाम होतं. आज विचारलंत तर मी जरा घुटमळेन.

मग मे आला आणि तुम्ही गेलात. अर्ज फायलीत पडून राहिला आणि खरं सांगते, मी तो विसरले.

जूनमध्ये शाळा उघडली. तुमच्या जागी कोणी आलं नाही, अजून आलेलं नाही. मला वाटलं, संपलं खो-खो. आणि पहिल्याच सोमवारी आठव्या तासाला मैदानावर ताज्या चुन्याच्या रेषा! बारावीतली पायल आठवते ना, तुमची कप्तान, जिचा आवाज घंटेच्या आधी ऐकू येतो ती? तिनं चुना आणला होता, दोरी धरायला नववीच्या दोघींना उभं केलं होतं. शिट्टी नव्हती. तीच तोंडानं शिट्टी वाजवत होती. न बोलावता, न सांगता, कोणी पाहत नसताना बाराजणी रोज येत राहिल्या. जुलैच्या चिखलात आल्या, सप्टेंबरच्या उकाड्यात आल्या.

मी काय केलं माहीत आहे? स्टाफरूमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. बघवत नव्हतं.

या महिन्यात जिल्हास्तराची स्पर्धा लागली. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका लागतेच, नाहीतर संघ उतरू देत नाहीत. दरवर्षी जाणाऱ्या वर्मा मॅडम मतदार यादीच्या कामाला लागलेल्या. प्राचार्या मॅडमनी मला बोलावलं. "सुनंदा मैडम, गुरुवार को भनपुरी आपको जाना पड़ेगा. और हाँ, एक अच्छी खबर! आपका आवेदन मंज़ूर हो गया. एक तारीख से आठवाँ पीरियड आपका." वर चहाही पाजला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी "थँक्यू मैडम" म्हणून बाहेर आले आणि पायऱ्यांवर दोन मिनिटं उभी राहिले. जे एकवीस वर्षं मागत होते ते मिळालं होतं. आनंद का होत नव्हता, ते कळेना.

गुरुवारी दोन ऑटोंत कोंबून आम्ही भनपुरीला गेलो. तुम्हाला ते मैदान पाठ आहे, पण मी पहिल्यांदा पाहत होते. भिंतीपलीकडे ट्रकांची रांग, त्यांचे हॉर्न, हवेत कारखान्यांची काळी भुकटी. मुलींचे पांढरे मोजे सामना सुरू व्हायच्या आधीच राखाडी. मी रुमाल पसरून खुर्चीवर बसले, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. हो, नेला होता! हसा.

सकाळचे दोन सामने जिंकल्या पोरी. मी चार-पाच वेळा मान वर केली असेल. जेवणानंतर अंतिम सामना होता, जिंकलं तर संघ पुढे, संभागाला, म्हणजे विभागाच्या स्पर्धेला. एकवीस वर्षांत तुमचा संघ जिल्ह्याबाहेर पडला नव्हता, हे पायलनंच मला ऑटोत सांगितलं होतं. तुम्ही कधी घरी बोलला नाहीत. की बोललात आणि मी ऐकलं नाही?

आणि तिथे मी माती खाल्ली.

पायल नववीच्या एकीचा घोटा बांधत होती. टेबलावरून गुण लिहिणाऱ्या सरांनी हाक मारली, "मैडम, रनर्स का क्रम दीजिए." मी नऊ नावं विचारली असतील अशा समजुतीत. कागद घेतला आणि लिहून टाकली, हजेरीपटासारखी, वर्णानुक्रमानं. आरती, ईश्वरी, काजल, खुशबू, चमेली, पायल, रेशमा, लक्ष्मी, हेमलता. सुवाच्य अक्षरात, खाली सही. तीस वर्षं हजेरी घेणाऱ्या बाईच्या हातून दुसरं काय उतरणार!

मला काय ठाऊक की पळणाऱ्या मुली तिघी-तिघींनी आत उतरतात, आणि ज्या क्रमानं नावं दिली त्याच क्रमानं! एकदा सही करून कागद दिला की त्या डावापुरता क्रम बदलता येत नाही. तुम्ही म्हणे आधी पायल, रेशमा, चमेली उतरवायचात, दमदार तिघी. पायल परत आली, टेबलावरचा कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "मैडम, ये आपने... ईश्वरी पहले में है?"

मी म्हटलं, वर्णानुक्रमात तिचं नाव दुसरं येतं.

ती मला एक शब्द दुखावणारा बोलली नाही, सर. नुसती "ठीक है मैडम" म्हणाली आणि जाऊन ईश्वरीच्या कानात काहीतरी सांगितलं.

ही ईश्वरी निषाद. दहावी ब. माझ्या अर्जाच्या यादीतलं पहिलं नाव. सहामाहीत शंभरात नऊ. वडील ई-रिक्षा चालवतात. काडीसारखी, माझ्या खांद्याला लागेल एवढीच. वर्गात प्रश्न विचारला की बाकाची कड नखानं खरवडत उभी राहते. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हिंदीत म्हटलं होतं, म्हणजे तिला नीट समजलं असणार. तुमच्या संघाच्या क्रमात ती नवव्या नंबरवर, शेवटची. शेवटच्या तिघींपर्यंत डाव क्वचितच पोचतो, म्हणून सकाळच्या दोन्ही सामन्यांत ती पळायला उतरलीच नव्हती.

शिट्टी झाली. आरती अर्ध्या मिनिटात बाद. काजल तिच्या मागोमाग. मी डोळे मिटले. माझ्यामुळे, फक्त माझ्या सुवाच्य अक्षरामुळे!

डोळे उघडले तेव्हा आत एकटी ईश्वरी होती.

कसं सांगू तुम्हाला? तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण मला सांगायचंय. समोरच्या संघाच्या आठ मुली ओळीत बसलेल्या, एक या तोंडाची, एक त्या तोंडाची, आणि नववी हिच्या मागे. ही त्या ओळीतून नागमोडी निघाली, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. मागची मुलगी "खो" म्हणून बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची, ती उसळून उठायची, आणि ईश्वरी ती उठायच्या आत दुसऱ्या बाजूला गेलेली असायची. उठायच्या आत कसलं! थाप पडायच्या आधी! खांबापाशी एकीनं अंग झोकून सूर मारला, हात हिच्या पाठीपासून वीतभर. ही खांबाला धरून गर्रकन फिरली आणि ती पोर मातीत. पुन्हा ओळीत. पुन्हा नागमोडी. ट्रकचे हॉर्न बंद झाले होते की मला ऐकू येईनासे झाले होते, कोण जाणे.

माझ्या मांडीवरचे पेपर खाली सांडले होते. मी उभी होते. आणि मी ओरडत होते, चक्क आपल्या घरच्या बोलीत, जी मी तीस वर्षांत शाळेत उच्चारली नाही. "पळ पोट्टी, पळ! मागं पाऊ नको!" शेजारच्या शाळेच्या मॅडम माझ्याकडे बघत होत्या. बघू देत.

चार मिनिटं आणि अकरा सेकंद. घड्याळ माझ्या हातात होतं, मी मोजलं. ती बाद झाली तेव्हा समोरच्या संघाच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

सर, मी तीस वर्षं हुशार मुलं पाहतेय. शंभरपैकी शंभर पाहिलेत. पण एखादं माणूस पूर्णच्या पूर्ण, नखापासून केसापर्यंत, एका कामात आहे आणि त्यात कुठेही चूक नाही, असं मी आधी पाहिलं नव्हतं. नऊ मार्क! मी या मुलीला नऊ मार्क दिले होते!

सामना आपण हरलो. एका गुणानं. दुसऱ्या डावात पायलनं क्रम बरोबर दिला, जीव तोडून पळाल्या सगळ्या, पण पहिल्या डावात आरती आणि काजल लवकर गेल्या ते भरून निघालं नाही. मी मनातल्या मनात मांडणी करून पाहिली, उलटसुलट करून पाहिली. तो एक गुण माझा आहे. तुमचा संघ जिल्ह्याबाहेर जायचा राहिला तो माझ्यामुळे. तुम्ही असतात तर रागावला असतात का? कधी रागावताना पाहिलं नाही तुम्हाला, म्हणून अंदाज येत नाही.

पोरी गोल करून बसल्या. मी माफी मागायला गेले, तर पायलनं मलाच बाटली पुढे केली. "सर बोलते थे, हारने के बाद पहले पानी, फिर रोना. पीजिए मैडम." मी प्याले. मग रडले. त्यांच्या आधी मीच.

थोड्या वेळानं मी ईश्वरीला विचारलं की तुला कसं कळतं, कुठल्या बाजूला वळायचं? ती बाकाची कड शोधू लागली, पण तिथे बाक नव्हता. मग बोलली. "सर कहे रिहिन मैडम, बइठइया के आँखी ला झन देखबे, खांध ला देखबे. आँखी लबारी मारथे, खांध नइ मारय." बसलेलीचे डोळे खोटं बोलतील, खांदा बोलणार नाही! आणि पुढे म्हणते, एक, तीन, पाच, सात या बाजूला तोंड करून बसतात, दोन, चार, सहा, आठ त्या बाजूला. मागची मुलगी तीनपाशी असेल तर उठणारी कुठे जाईल ते आधीच ठरलेलं असतं, "ओमा सोचे के का हे?" त्यात विचार कसला करायचा!

सम आणि विषम, सर! सहावीपासून जी मुलगी मला सम-विषम सांगू शकली नाही, ती पळता पळता त्याचा हिशेब करत होती. तिला हे कोणी शिकवलं? माझा सातवा तास संपायच्या दहा मिनिटं आधी तिला जो पळवून न्यायचा, त्यानं!

एक तक्रार मात्र आहे. इतकी तयार पोर तुम्ही शेवटी का ठेवलीत? मी पायलला विचारलंच. ती म्हणाली, "सर बोले थे, इसको अभी छुपा के रखो, छोटी है. अगले साल देखना."

पुढच्या वर्षी.

पुढे जाते.

निवड समितीनं संभागाच्या संघात आपल्या दोघी घेतल्या. पायल तर होणारच होती. दुसरी ईश्वरी! दोघींनी पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत आपल्याच शाळेत रोज सराव करायचा, मग शिबिर. तिथे चांगली खेळली तर राज्याचा संघ. पण एकटीनं सराव होत नाही खो-खोचा. आठ बसायला लागतात, एक मागे पळायला. म्हणजे आठवा तास लागतो, मैदान लागतं आणि माझ्या यादीतल्या सातही जणी लागतात.

शुक्रवारी ईश्वरी स्टाफरूमच्या दाराशी आली. मला वाटलं, सांगायला आली असेल की मला गणितातून सोडा. ती म्हणाली, "मैडम, एक्स्ट्रा क्लास में नई कॉपी लानी है क्या?" नोटीस लागली होती ना, एक तारखेपासूनची. मी म्हटलं, आणि तुझा सराव? तिनं मान खाली घातली. "आप बोलोगे वैसा." मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती दाराची चौकट नखानं खरवडू लागली. मग, "हव मैडम." हव म्हणजे हो, पण कशाला हो, तेही नाही. नुसतं हव. जे सांगाल ते. सगळं काढून घेतलं तरी हव.

भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार असते, तुम्हाला माहीत आहे. या हवशी भांडणार कसं?

काल शनिवारी सकाळी मी प्राचार्या मॅडमकडे गेले आणि अर्ज परत मागितला. त्या चष्मा काढून बघतच राहिल्या. "अब मिला तो अब नहीं चाहिए?" मग त्यांनी बिनतोड मुद्दा काढला. शिक्षकाविना तास ठेवता येत नाही. इतके महिने चाललं ते चाललं, आता वरून तपासणी आहे. मैदानावर कोण उभं राहणार?

मी म्हटलं, मी.

"आपको खो-खो आता है?"

नाही येत, मी म्हटलं. पण मुलींना येतं. आणि कच्च्या मुलींचं गणित मी प्रार्थनेआधी पाऊण तास घेईन, मी लवकर येते, त्यांनीही यावं. मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. वर म्हणाल्या, सोमवारच्या कागदात 'आगामी'खाली टाकून द्या, आठवा तास, मैदान, प्रभारी म्हणून तुमचं नाव.

तीच ही ओळ, जिच्याशी मी दोन तास अडलेय. एकवीस वर्षं तिथे वानखेडे सर असं लिहिलेलं मी तपासलंय. तिथे माझं नाव घालायचं म्हणजे तुमचं काढायचं. कसं काढू?

पण काल दुपारी काय झालं ते ऐका.

शाळा सुटल्यावर मी मैदानावर गेले. मुली गप्प झाल्या. गणिताची बाई आली की होतात तशा. मी म्हटलं, तुमचं चालू द्या. सुरू झालं. शनिवार म्हणून दोघी आल्याच नव्हत्या, तेवढ्यात काजलला घरून बोलावणं आलं, तिचा भाऊ सायकल घेऊन फाटकात उभा. एक जागा रिकामी राहिली. सात बसलेल्या, एक मागे, ईश्वरी पळणारी. सगळ्या एकमेकींकडे बघताहेत. पायल हळूच म्हणाली, "मैडम, आप बस बैठ जाइए. उठना नहीं है."

गुडघ्यांची काय दशा आहे ते तुम्हाला ठाऊक. पदर खोचला आणि चुन्याच्या त्या चौकटीत बसले, उकिडवी, एक हात मातीला टेकून. पुढे मैदान, डोळ्यांवर ऊन. मागे धावणाऱ्या पावलांचा आवाज, पण मागे वळून बघायचं नाही, असा नियम आहे म्हणे. बसून वाट पाहायची. मला एकदम वाटलं की तुम्ही रोज इथे, या मातीत, या उन्हात होतात आणि मी पडद्याआड होते. पन्नास पावलांवर.

आणि पाठीवर थाप पडली. सणसणीत! हेमलता होती, ऐन भरात विसरली की कोण बसलंय. माझ्या कानाशी ओरडली, "खो!"

सगळं मैदान थांबलं. हेमलतानं जीभ चावली. "सॉरी मैडम, सॉरी..."

मी उठले.

पळता आलं नाही हो. तीन पावलं टाकली आणि गुडघा कचकला. ईश्वरी माझ्यापासून दहा हात लांब, तोंडावर हात ठेवून उभी. मी तिला म्हटलं, "उभी काहून राह्यली? पळ न!" तिला मराठी येत नाही. पण ती पळाली. आणि मी तिच्या मागे, चालत.

तर ऐका. लिहिते मी माझं नाव. उद्या सकाळी वाचीनही, बारा मिनिटं लागली तर लागू देत. पोरीला दहावीत गणितात नापास होऊ देणार नाही आणि मैदानावरूनही उठवणार नाही. दोन्ही करीन. तुमचे सगळे सामने मी चुकवले, आता या पोरींचा एकही चुकवणार नाही. आणि क्रम पायलला विचारून देईन.

तुमची,
सुनंदा